हेडसेट तुमच्या डोळ्यांना जुळतो का?

चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर नाचणारी सासनकाठी पाहताना आपले दोन डोळे दोन किंचित वेगळी चित्रे टिपतात. मेंदू ती एकत्र करतो, म्हणून काठी किती लांब आणि पायरी किती खोल हे कळते. व्हर्च्युअल रिॲलिटीचा (व्हीआर) हेडसेट याच जोडणीवर चालतो. कल्पना नवी नाही. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्येच दोन सपाट चित्रांतून खोली दाखवून दिली होती.

‘दहा मिनिटे गेम खेळलो आणि डोके धरले, मळमळले,’ ही तक्रार आता नेहमीची झाली आहे. दोष गेमवर जातो. मी आधी भिंगांकडे बघायला सांगतो.

दोन बाहुल्यांमधले अंतर प्रौढांत सरासरी ६३ मिलिमीटर असते. पण कुणाचे ५५, कुणाचे ७० पार. भिंगाचा मध्य बाहुलीसमोर आला नाही, तर भिंग लोलकासारखे किरण वाकवते. मग चित्र एक ठेवण्यासाठी डोळ्यांचे स्नायू सतत ताणलेले राहतात. क्वेस्ट २ मध्ये भिंगे ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच खाचांत बसतात; नंतरच्या काही हेडसेटला चाक आहे.

अंतर घरीच मोजा. आरशासमोर वीतभर अंतरावर उभे राहून पट्टी भुवयांवर धरा. उजवा डोळा मिटून पट्टीचा शून्य डाव्या बाहुलीच्या मध्याशी आणा. मान न हलवता डावा मिटा, उजवा उघडा. उजव्या बाहुलीवरचा आकडा वाचा. तीनदा मोजलेले बरे.

हेडसेट घालताना मागचा पट्टा डोक्याच्या फुगवट्याखाली घ्या. मग अक्षरे ठळक होईपर्यंत तो वर-खाली सरकवा आणि शेवटी भिंगांचे अंतर जुळवा. आता एकेक डोळा मिटून पाहा. एकेकट्याने स्पष्ट, पण दोन्हींनी दुहेरी दिसले, तर अंतर पुन्हा तपासा. एकाच डोळ्याला पुसट दिसले, तर चष्म्याचा नंबर तपासा. लांबचा चष्मा हेडसेटमध्येही लागतो, फक्त काच भिंगाला घासू देऊ नका.

मुलांचे अंतर कमी असते, कित्येक हेडसेट तितके जुळतच नाहीत. मेटाने दहा आणि सोनीने बारा वर्षांची अट घातली आहे. मोठ्या मुलाला जुळवूनही खोली जाणवत नसेल, किंवा तो एक डोळा मिटून बघत असेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवाच. तिरळेपणा किंवा आळशी डोळा असा लक्षात येऊ शकतो, आणि त्यावर उपचार जितके लवकर तितके चांगले.

सगळे जुळले तरी नजर जवळ-दूर वळते आणि फोकस एकाच अंतरावर अडकलेला राहतो. म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी विश्रांती हवी. भिंगावर गुलाल बसला तर आधी फुंकून उडवा. थेट पुसल्यास चरे पडतात. डोळे आलेल्याने हेडसेट दुसऱ्याला देऊ नये. गरगरत असेल तर लगेच दुचाकी काढून घाट उतरू नका, अर्धा तास थांबा.