सरासरी एक अंशाची, पण चटका कोणाला किती?

पगारपत्रके लिहिणाऱ्या आमच्यासारख्या कारकुनांना सरासरीचा फसवेपणा चांगला ठाऊक असतो. साहेबाचा आणि कंत्राटी हेल्परचा पगार एकत्र करून सरासरी काढली, तर कागदावर दोघेही सुखी दिसतात! पृथ्वीच्या तापमानवाढीचेही तसेच आहे.

१८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात पृथ्वी सरासरी १.१ अंश सेल्सिअसने अधिक तापलेली होती. पण ही वाढ सर्वत्र सारखी नाही. समुद्रावर ती सुमारे ०.९, तर जमिनीवर १.६ अंश आहे. पाणी सावकाश तापते, उष्णता खोलवर मुरवते; कोरड्या जमिनीला ती सोय नाही. उत्तर ध्रुवाकडे तर पांढरा बर्फ वितळून काळे पाणी उघडे पडते, ते ऊन शोषते आणि तापमान जगाच्या सरासरीच्या कितीतरी पट वेगाने चढते.

आपल्या देशात १९०१ ते २०१८ या काळात वाढ सुमारे ०.७ अंशाची झाली, असे केंद्र सरकारचा २०२० चा अहवाल सांगतो. हवेतील धूर व धूलिकण थोडे ऊन अडवतात, हेही ती कमी दिसण्याचे एक कारण आहे.

मग एवढ्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. बंधुभगिनींनो, वेधशाळेचा तापमापक मोकळ्या जागी, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत सावलीला असतो. पिंपरी, भोसरी, चाकणमधील पत्र्याच्या खोलीला अशी सावली कोठली? भर उन्हात पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. रात्रपाळी करून आलेला कामगार दुपारी त्याच पत्र्याखाली झोपतो. अर्धवट झोपेत पुन्हा मशीनवर उभे राहणे म्हणजे हाताची बोटे पणाला लावणे होय. शिवाय दिवसा तापलेले डांबर आणि सिमेंट रात्रीही उष्णता सोडत राहते.

उन्हाळ्यापूर्वी पत्र्याला वरून चुना लावावा, खाली जागा सोडून आतून छत बांधावे. उन्हात कोणी बरळू लागला, शुद्ध हरपू लागली, तर त्याला सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि १०८ वर फोन करावा.

कारखान्याचे छत असे असावे की आतील तापमान शक्य तितके कमी राहील, असे १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टने सांगितले होते. त्याच कामगाराच्या घरावरील पत्र्याचा विचार मात्र कोणी करायचा, हे आपण एकजुटीने महापालिकेला विचारले पाहिजे.