आईचा फोन आणि अठ्ठेचाळीस व्होल्ट

आमच्या साताऱ्याच्या घरी टेलिफोन आला तो १९९१ साली, अर्ज केल्यावर सहा वर्षांनी. वडिलांनी लाइनमनला पेढे दिले होते. तोच फोन गेल्या पावसाळ्यात मुका झाला. रस्त्याच्या खोदकामात तांब्याची केबल तुटली, आणि दोन महिने हेलपाटे घालूनही ‘बघतो’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही.

आई शहात्तर वर्षांची, एकटी राहते. मोबाइल आहे, पण तो चार्ज केलेला असेलच असे नाही. तिला हवा तिपाईवरचा, दणदणीत वाजणारा फोन.

अमेरिकेतल्या धाकट्या भावाने व्हॉट्सअ‍ॅप सुचवले. (यानेच पूर्वी आम्हाला स्काइप शिकवले होते, ते मे २०२५ मध्ये बंद पडले.) फुकट आहे खरे, पण त्यावरून रुग्णवाहिकेचा १०८ लागत नाही. शेवटी कळले, की फायबरचे इंटरनेट घेतले तर त्यातच फोनची सोय मिळते. मोडेमच्या मागच्या खाचेत साध्या फोनची वायर खोचायची. आवाज इंटरनेटच्याच वाटेने जातो. वेगळे भाडे नाही. १०८ लागतो ना, हे मी आधी विचारून घेतले. वडिलांचा चकतीचा फोन मात्र मोडेमला उमजेना, बटणांचा आणावा लागला. कंपनी बदलल्याने नंबरही गेला. साऱ्या नातेवाइकांना तो तोंडपाठ होता.

आठवड्याने रात्री फोन लावला, तर लागेना. मोबाइलही बंद. पुण्याहून तसाच निघालो. अकराला पोचलो तेव्हा आई मेणबत्तीच्या उजेडात जपमाळ ओढत बसली होती.

“इतक्या रात्री कसा रे?”

वीज संध्याकाळपासून गेली होती. जुन्या फोनला वीज लागते हेच आपण विसरलो होतो, कारण ती आपल्या घरची नसे. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून अठ्ठेचाळीस व्होल्ट तांब्याच्या तारेतूनच यायचे. फायबर म्हणजे काच; तिच्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. घरचा दिवा गेला, की मोडेम गेला आणि फोनही.

हे विकणाऱ्याने सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते. मोडेमसाठी छोटा यूपीएस मिळतो, काही तास चालतो. तो बसवला, मेन स्विच बंद केला आणि अंगणात जाऊन मोबाइलवरून घरचा नवा नंबर फिरवला. दुसऱ्याच घंटेला आईने उचलला.

“हॅलो, कोण बोलतंय?”