भात उंच का वाढलं?

जपानमधल्या भातशेतीत काही रोपं अचानक बाकीच्यांपेक्षा उंच, फिकट आणि किडकिडीत व्हायची. बरीचशी मरून जायची; जगली तरी दाणा भरत नसे. तैवानमध्ये काम करणाऱ्या एइची कुरोसावा यांनी 1926 मध्ये या रोगाच्या बुरशीचा गाळलेला द्रव निरोगी रोपांना दिला. त्यात बुरशी उरली नव्हती, तरी रोपं तशीच लांबली! म्हणजे करामत बुरशीने सोडलेल्या रसायनाची होती. 1935 मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्याला ‘जिबरेलिन’ नाव दिलं. पुढे कळलं, की वनस्पती हे संप्रेरक स्वतःही बनवतात. मला या शोधातला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

खोडाच्या पेशींत वाढ रोखणारी ‘डेला’ प्रथिनं ब्रेकसारखी असतात. जिबरेलिन आलं की पेशी ती प्रथिनं मोडून टाकते. मग पेशीभित्तिका सैलावतात, पेशी पाणी घेऊन लांब होतात, विभाजनही वाढतं आणि दोन पेरांमधलं अंतर वाढतं.

‘आयआर-8’ हे 1966 चं बुटकं भात नेमकं उलट: जनुकातल्या दोषामुळे त्यात जिबरेलिन कमी बनतं. आखूड ताट भरल्या लोंबीच्या भाराने लोळत नाही, म्हणून खत देता येतं आणि उत्पन्न वाढतं.

नाशिकचे द्राक्ष बागायतदार ‘जीए’ वापरतात, तेही जिबरेलिनच. त्याने घडाचा देठ लांबतो, मणी फुगतात. कोकणात हापूसला घालतात ते कल्टार मात्र झाडातलं जिबरेलिन तयार होणंच रोखतं. पालवीचा जोर ओसरतो आणि मोहोर लवकर येतो.