वारीला चालणार? बूट आत्ताच घ्या

पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखीचा टप्पा दिवे घाट चढून जातो. नवे कोरे बूट घालून आलेल्यांचे पाय तिथेच बोलायला लागतात. म्हणून खरेदी महिनाभर आधी करा, तीही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. मोजे घालून उभं राहा: अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, टाच मात्र हलता कामा नये. मग बूट हातात घेऊन वाकवा. चवड्याशी वाकला तर ठीक. मधोमध दुमडला तर परत ठेवा, सेल कितीही मोठा असो! वॉटरप्रूफचा मोह टाळा. पाऊस घोट्याकडून आत शिरतो आणि आतच मुक्काम करतो. जाळीचा बूट लवकर सुकतो. मोजे सुती नकोत, ओले झाले की फोड आलेच.