न दुखणारे डोळे

सकाळी ७.१५

डिसेंबरातला मंगळवार. मंगळवारची सकाळ बाळांची, त्यामुळे माझ्या दवाखान्याआधी गावातल्या लहान मुलांच्या रुग्णालयात. ३४ आठवडे भरायच्या आत जन्मलेलं किंवा २ किलोच्या आतलं बाळ महिन्याचं व्हायच्या आत नेत्रतज्ज्ञाला दाखवायचं, असा दंडक आहे. पोटात असताना डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या मधून कडेकडे वाढत असतात. बाळ आधीच बाहेर आलं की ती वाढ अर्ध्यावर अडते आणि मग कधीकधी नको तिथे, नको तशा नव्या वाहिन्या फुटतात. त्या पडदा ओढून सुटा करू शकतात. वेळेत सापडलं तर लेझरनं थांबवता येतं, पण ते दोन-तीन दिवसांत करावं लागतं.

बाहेर आजी उभी असते. "डोळे तर टपोरे आहेत की ह्याचे. एवढुशा जिवाला कशाला त्रास?" त्रास होतोच, हे मी लपवत नाही. पापण्या बारक्या चिमट्यानं उघड्या ठेवाव्या लागतात, बाळ रडतं. सिस्टर जिभेवर साखरपाण्याचा थेंब ठेवते. डोक्यावर दिवा, हातात भिंग, आणि मिनिटभरात पडद्याच्या कडा बघून घ्यायच्या. डोळा बाहेरून टपोरा दिसतो आणि आत काय चाललंय ते आईलाही कळत नाही, बाळालाही. मला वाटतं माझ्या धंद्याची मुख्य अडचण हीच. दुखणारा डोळा रात्री बारालाही दार वाजवतो, न दुखणारा वर्षानुवर्षं येतच नाही.

८.४५

थिएटर. आज सगळे मोतीबिंदू. डोळ्यातलं मूळचं पारदर्शक भिंग गढूळ झालं की त्याला मोतीबिंदू म्हणतात. ते थेंबांनी, चूर्णानं किंवा डोळ्यांच्या व्यायामानं विरघळत नाही, काढावंच लागतं. कधी काढायचं? रोजची कामं अडायला लागली की. 'पिकू दे, मग बघू' हा सल्ला जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला. आता पिकून दगड झालेला मोतीबिंदू फोडायला जास्त शक्ती लावावी लागते आणि बुबुळाला त्याचा मार बसतो. 'थंडीत करू' हाही तसाच समज. त्या समजापायी डिसेंबरात माझी यादी फुगते आणि मेमध्ये थिएटर ओस पडतं.

खरं काम टेबलाआधीच झालेलं असतं. डोळ्याची लांबी मोजायची, साधारण २३-२४ मिलिमीटर. त्यात १ मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच-तीननं चुकतो. म्हणून दोन्ही डोळे मोजायचे, फरक जास्त आला तर पुन्हा मोजायचे. त्यानंतरचं सगळं सूक्ष्मदर्शकाखाली. बधिर करणारे थेंब, तीनेक मिलिमीटरची चीर, ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो ओढून घ्यायचा, पातळ पिशवी तेवढी जपायची आणि त्या पिशवीत घडी घातलेलं कृत्रिम भिंग सोडायचं. ते आत हळूच उलगडतं.

हे भिंग डोळ्यात राहू शकतं हे लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांना युद्धातल्या वैमानिकांमुळे सुचलं. विमानाच्या काचेचे प्लास्टिकचे तुकडे त्यांच्या डोळ्यात घुसून तसेच निमूट राहिले होते. १९४९ मध्ये त्यांनी पहिलं भिंग बसवलं. आपल्याकडे ते गरिबाला परवडू लागलं त्यात मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा मोठा वाटा. त्यांनी १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून भिंगं इथेच बनवायला घेतली.

"मॅडम, भारीतली टाका. फॉरेनची." एका पेशंटचा मुलगा. वडील रात्री ट्रक चालवतात. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या महागड्या भिंगात समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती कडी दिसू शकतात. त्यांना साधं, एका अंतराचं भिंगच बरं, वाचायला चष्मा लावतील. मुलगा थोडा हिरमुसला. महाग म्हणजे चांगलं, ही समजूत काढणं मोतीबिंदू काढण्यापेक्षा अवघड.

घरी जाताना प्रत्येकाला एकच गोष्ट दोनदा सांगायची. दुखणं वाढलं, लाली वाढली, दिसायचं कमी झालं, तर उद्याची वाट बघू नका, त्याच दिवशी या.

११.००

ओपीडी. पेशंट आधी ऑप्टोमेट्रिस्टकडे जातो. पोरगी हुशार आहे, चार वर्षांचा पदवीचा अभ्यास करून आलेली. नंबर माझ्यापेक्षा चोख काढते. सहा मीटरवरचा अक्षरांचा तक्ता डच डॉक्टर स्नेलन यांनी १८६२ मध्ये आणला, आजही जगभर तोच चालतो, आमच्याकडे मराठी अक्षरांत. वाचता न येणाऱ्यांना 'ई' कुठल्या बाजूला उघडा आहे ते बोटांनी दाखवायचं. दुकानात चष्मा विकणारा, नंबर काढणारा ऑप्टोमेट्रिस्ट आणि एमबीबीएसनंतर डोळ्यांचं शिक्षण घेऊन औषध देणारा, शस्त्रक्रिया करणारा नेत्रतज्ज्ञ, ही तीन वेगवेगळी माणसं आहेत. गावात तिघांनाही 'डोळ्यांचे डॉक्टर' म्हणतात आणि तिथून घोळ सुरू होतो.

नंबर निघाला की बाहुली मोठी करायचे थेंब. अर्धा तास बसायचं, पुढचे काही तास जवळचं अंधुक, उन्हात डोळे दिपतात. बाकावर कुरकुर चालू असते. "चष्म्याचा नंबर काढायला आलो तर तासभर बसवून ठेवलंय." पण बाहुलीतून आत डोकावल्याशिवाय पडद्याच्या कडा दिसत नाहीत.

कुरकुरणाऱ्यांत एक शाळामास्तर होते. दोन्ही डोळे ६/६, म्हणजे तक्त्याची ठरलेली ओळ स्वच्छ वाचलेली. मधुमेह बऱ्याच वर्षांचा. आत बघितलं तर पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके आणि पिवळट डाग, मध्यबिंदूच्या जवळ सरकत आलेले. "पण मला तर सगळं दिसतंय!" दिसत असतानाच आज आलेत हे नशीब. मोठ्यांचा मधुमेह कळला की लगेच आणि मग दरवर्षी पडदा तपासायचा. मास्तरांच्या डायबेटिसच्या डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं होतं. तो कागद खिशातच होता.

नंतर आलेल्या आजोबांची तक्रार 'डाव्या डोळ्यात मोती'. यंत्रापुढे हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. मोती किरकोळच होता. डोळ्याचा दाब मात्र ३४, तो साधारण १० ते २१ असावा लागतो. पडद्यावर नस जिथून निघते तो खळगा खोल गेलेला. काचबिंदू. बटण दाबायच्या तपासणीला बसवलं. ठिपका चमकला की दाबायचं. त्यांनी फार थोड्या वेळा दाबलं. कागदावर मधला भाग तेवढा पांढरा, भोवती काळं.

"आजोबा, शेजारी दरवर्षी बांध वीतभर कोरतो तेव्हा लगेच कळतं का?"

"न्हाई. मोजणी आणल्यावर कळतं."

"ही मोजणीच समजा."

कोर्टात जाऊन बांध परत मिळेल, नस परत मिळत नाही. मोतीबिंदूत गेलेलं दिसणं शस्त्रक्रियेनं येतं, काचबिंदूत गेलेलं गेलंच. थेंब आहेत ते उरलेलं राखायला, रोज, जन्मभर. त्यांना दोन धाकटे भाऊ आहेत, काचबिंदू घराण्यात चालतो. दोघांना पुढच्या बाजारच्या दिवशी आणायला सांगितलं. येतील असं वाटत नाही. त्यांचं काही दुखत नाही ना.

१.४५

डबा आणि फोन. पुण्यातली मावसबहीण: "आईच्या डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके आणि वीज चमकल्यासारखं होतंय. चांगला डॉक्टर सांग." चांगला कोण हे तिथल्या तिथे सांगता येत नाही, कशाचा हवा ते सांगता येतं. डोळ्यांतही आता पडद्याचे, बुबुळाचे, काचबिंदूचे, लहान मुलांचे वेगळे तज्ज्ञ असतात. हे पडद्याचं लक्षण, पडदा फाटलाही असेल, आज संध्याकाळच्या आत दाखव. एरवी घाई नसेल तर एम.एस., डी.एन.बी. किंवा डी.ओ.एम.एस. ही पदवी बघावी, मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असतोच. त्यापलीकडे माझी खूण अशी की पहिल्या भेटीत दाब मोजला का, थेंब टाकून आत बघितलं का. बघितलं नसेल आणि थेट शस्त्रक्रियेची तारीख मिळाली तर दुसरीकडे दाखवायला संकोच करू नये.

३.१५

कारखाने सुरू आहेत, ऊसतोड जोरात. बीडकडचा एक तरुण, सोबत बायको. उसाचं पान डोळ्याला लागलं, आठवडा झाला. मुकादमानं मेडिकलमधून थेंब आणून दिले, दोन दिवस बरं वाटलं आणि मग बुबुळावर पांढरा डाग पडला. थेंबांची बाटली बघितली, स्टेरॉईड. पानाबरोबर बुरशी आत जाते आणि स्टेरॉईड तिला मोकळं रान देतं. वर लाली कमी होते म्हणून माणूस निर्धास्त.

बुबुळाचा कण खरवडून काचेवर घेतला, पोटॅशचा थेंब टाकला. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे स्पष्ट दिसले. आता बुरशीचं औषध दर तासाला, रात्रीसुद्धा, आणि असे काही आठवडे.

"फडात थेंब कोण टाकणार? मी राहिलो तर कोयता मोडतो." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दोघांच्या नावावर घेतलेली, एक बसला तरी ती फिटत नाही. ह्यावर औषध माझ्याकडे नाही. मुकादमाला फोन लावला आणि आवाज चढवून सांगितलं की डोळा फुटला तर पुढचे सगळे हंगाम जातील. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जागा आहे, तिथे दाखल करायचं ठरलं. बायको सोबत राहील. म्हणजे आठवडाभर तरी दोघांची मजुरी बुडाली. शेतात साधा पारदर्शक चष्मा घातला असता तर हे टळलं असतं, पण घाम आला की काच धुरकटते आणि तोड थांबते, हेही खरंच.

५.००

शाळेच्या तपासणीत पाठवलेली सहा वर्षांची मुलगी. उजवा स्वच्छ, डाव्याला मोठा नंबर, आणि तो डोळा मेंदूनं वापरणंच सोडलेलं. एक डोळा झाकून बघायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे घरी पत्ता नाही. चष्मा आणि रोज ठराविक तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. आठ-नऊ वर्षांनंतर हे काम फार अवघड होतं. आई म्हणाली, "चष्मा लावला तर पुढे लग्नाचं कसं?" मी मुलीलाच पट्टीवर फुलपाखरू काढायला दिलं.

६.३०

गर्दीचा तास. चाळिशी, मोबाइलनं कोरडे झालेले डोळे, रांजणवाडी, वडस. ह्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

८.४०

शटर ओढताना फोन. तीन वर्षांच्या पोरानं आजोबांची चुन्याची ट्यूब दाबली, ती फुटून चुना डोळ्यात गेला. "लगेच निघतो, मॅडम." मी ओरडलेच, निघू नका! आधी नळाखाली धरा, पापणी उघडी ठेवा, अर्धा तास पाणी, मग निघा. चुना अल्कली आहे, तो आत आत पोखरत जातो आणि रस्त्यावरचं प्रत्येक मिनिट त्याला मिळतं.

साडेनऊला आले, पोर चिंब, बाप चिंब. पापणी उलटून चुन्याचे कण कापसानं काढले, सलाईनची बाटली सोडली, कागदाची पट्टी लावून बघितली. आम्लता-अल्कतेचा आकडा ७ वर येऊन थांबेपर्यंत धूत राहिलो. बुबुळ थोडं सोललं होतं, पारदर्शक होतं. मलम, थेंब, सकाळी पुन्हा दाखवायचं.

"ट्यूब फेकून देतो," बाप म्हणाला.

"आजोबांना डबी आणून द्या," मी म्हटलं. "झाकणाची. आणि ती फळीवर ठेवा, वर."