कंपनीच्या गेटआधी

केज तालुक्यातल्या नांदूरघाटहून आयटीआय करून निघालेली मुले वाळूज किंवा चाकण गाठतात. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला. उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या घरात ठरल्या तारखेला येणारा पगार फार मोठा आधार असतो. मूळ पगार व महागाई भत्त्याच्या 12 टक्के रक्कम पीएफमध्ये कापली जाते, तेवढाच वाटा कंपनी घालते. कायम कामगाराला सलग 5 वर्षांनंतर ग्रॅच्युइटी.

पण ‘कायम’ होणेच अवघड. बरेच जण त्याच मशीनवर ठेकेदाराच्या नावाखाली, कमी पगारात राबतात. रात्रपाळी, खोलीभाडे वेगळेच. नेमणूकपत्रावर नाव कोणाचे, हे सहीपूर्वी बघाच. ठेकेदाराने पीएफ बुडवला, तरी तो भरण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते.