अमेरिकेतली टिप : पार्सलचा पेच

अमेरिकेत पार्सलवर टिप द्यावी का, हे ठरायला हवे ते पिशवी बांधून देणाऱ्याच्या पगारावरून. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा ताशी २.१३ डॉलरचा केंद्रीय किमान दर गेल्या भागात आलाच आहे; १९९१ पासून तो जागचा हललेला नाही. पण हॉटेलातल्या सगळ्याच कामगारांना तो लागू नाही. बर्गरच्या किंवा सँडविचच्या दुकानात काउंटरवर उभा असलेला माणूस सहसा पूर्ण किमान वेतनावर असतो : केंद्रीय कायद्याने ताशी ७.२५ डॉलर, बऱ्याच राज्यांत त्याहून पुष्कळ जास्त. टेबलावर वाढणाऱ्या हॉटेलात मात्र पार्सलचे काम अनेकदा बारटेंडरच्या गळ्यात पडते. शुक्रवारी संध्याकाळी ऑर्डर आली की तो चिठ्ठीशी एकेक डबा ताडून पाहतो, सॉसच्या वाट्यांची झाकणे दाबून बसवतो, सूप सांडू नये म्हणून वेगळे बांधतो, काटे-चमचे टाकतो आणि पिशवीला पावती टाचतो. तेवढा वेळ बारवरचे गिऱ्हाईक खोळंबते, आणि बारटेंडरची कमाई असते ती त्या गिऱ्हाइकाच्या टिपेतून. पार्सल नेणाऱ्याने काहीच ठेवले नाही, तर तेवढी मेहनत जवळपास फुकट जाते.

कॅलिफोर्निया, ओरेगॉन, वॉशिंग्टन, नेवाडा, मोंटाना, मिनेसोटा आणि अलास्का या सात राज्यांत हा युक्तिवाद लंगडा पडतो. तिथे टिप मिळणाऱ्यालाही पूर्ण किमान वेतन द्यावेच लागते. तरी टेबलावर टिप ठेवायची चाल तिथेही आहेच, आणि पार्सलच्या वेळी टिप मागत पुढे येणारा टॅब्लेटचा पडदाही तोच.

पार्सलवर टिप नसते, हे सरकारी करखात्याने तर कधीच गृहीत धरले आहे. १९८२ च्या कायद्यानुसार मोठ्या हॉटेलांना कामगारांच्या टिपेचा वार्षिक तपशील द्यावा लागतो. कामगारांनी सांगितलेली टिप विक्रीच्या ८ टक्क्यांहून कमी भरली, तर फरकाची रक्कम मालकाने त्यांच्या नावे वाटून दाखवायची. ही विक्री मोजताना पार्सलची विक्री वगळतात. खात्याच्या रुक्ष फॉर्मातली ही एक ओळ जुन्या रिवाजाचा पक्का पुरावा ठरते.

रिवाज ढळला तो २०२० च्या वसंतात. करोनामुळे हॉटेलांची दालने बंद झाली, पार्सलची खिडकी तेवढी उघडी राहिली. धोका पत्करून कामावर येणाऱ्यांसाठी लोकांनी आपण होऊन १५-२० टक्के वर ठेवले. दालने उघडली, पण लागलेली सवय लगेच गेली नाही. आणि ती टिकवायला यंत्र हजर होते. गल्ल्याच्या जागी आलेला टॅब्लेट गिऱ्हाइकाकडे वळवला जातो आणि त्यावर १८, २०, २५ अशी बटणे दिसतात. ‘टिप नाही’ असते, पण बहुधा खाली आणि बारीक अक्षरात. छोट्या बिलावर काही यंत्रे टक्क्यांऐवजी १, २, ३ डॉलर दाखवतात. ५ डॉलरच्या कॉफीवर १ डॉलर किरकोळ वाटतो, पण ते २० टक्के झाले. हे आकडे दुकानदार हवे तसे बदलू शकतो. खरी मेख निराळी आहे : टिप मागितली जाते ती कॉफी हातात पडण्याआधी, आणि तीही कॉफी देणारा कामगार समोर उभा असताना. सेवा पाहून खुशी दाखवायची, हा टिपेचा मूळ बहाणाच इथे उरत नाही.

पडदा मागतो म्हणून लोक देतातच असे मात्र नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत ७२ टक्के लोकांनी सांगितले, की पाच वर्षांपूर्वीपेक्षा आता जास्त ठिकाणी टिपेची अपेक्षा असते. टेबलावर जेवल्यावर नेहमी किंवा बहुतेक वेळा टिप ठेवणारे ९२ टक्के निघाले, कॉफी घेताना ठेवणारे फक्त २५ टक्के. म्हणजे ओरड मोठी झाली, पण टेबल आणि काउंटर यांतला भेद लोकांनी सोडलेला नाही, आणि तो योग्यच आहे. टेबलाच्या हॉटेलातून मोठे पार्सल नेताना १० टक्के ठेवणे रास्त. काउंटरवर पूर्ण पगारी माणसाने तयार सँडविच हाती दिले, तर तिथे काही देणे लागत नाही.

वाचकांचा एक प्रश्न वारंवार येतो : टक्के कर धरून काढायचे की वगळून? शिष्टाचाराची पुस्तके वगळून सांगतात. अनेक यंत्रे धरून काढतात. न्यू जर्सीत ६० डॉलरच्या जेवणावर ६.६२५ टक्के कर धरता बिल ६३.९८ होते. २० टक्के टिप एका रीतीने १२ डॉलर, दुसरीने १२.८०. न्यूयॉर्ककर पूर्वीपासून कराची दुप्पट ठेवून मोकळे होत. तिथला कर ८.८७५ टक्के असल्याने टिप पावणेअठरा टक्क्यांवर जाते. हीच युक्ती हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीत वापरली, तर सव्वातेरा टक्केच होतात आणि वेटरचे तोंड वाकडे होते. मुलांकडे तिथल्या एडिसनला जाणाऱ्या आई-वडिलांनी एवढे ध्यानात ठेवावे.

सक्तीच्या सेवाशुल्काचा विषय या भागात यायचा होता, तो पार्सलने मागे ढकलला. पुढच्या आठवड्यात तोच. त्याआधी एक नवी गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने कामगाराला वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतच्या टिपेवर प्राप्तिकरात वजावट मिळते. ही सवलत २०२८ पर्यंत आहे, आणि ती स्वखुशीने दिलेल्या टिपेलाच लागू होते, बिलात आपोआप चढवलेल्या सेवाशुल्काला नाही.